निरोगी क्रमांक एक

तीन वर्षं मी स्वतःला निरोगी समजत होतो आणि तसं लेखी दिलं होतं. फॉर्म आमच्याच प्रयोगशाळेचा. त्यात ‘पोटात जंत आहेत का’ असा साधा प्रश्न होता, त्यापुढे मी ‘नाहीत’वर खूण केली. ‘तपासणी केव्हा केली’ या रकान्यात ‘आवश्यक नाही’ असं लिहिलं. खाली रक्त देणाऱ्याच्या जागी माझी सही, आणि त्याला तपासून योग्य ठरवणाऱ्याच्या जागीही माझीच. एकाच पेनानं, चहा थंड व्हायच्या आत.

या फॉर्मवर एका मुलीचा पीएचडीचा प्रबंध उभा होता. मी तिचा गाइड.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे मूर्खपणाची खोली नीट कळेल. माझी उमेदीची सगळी वर्षं पांढऱ्या पेशींच्या धावण्याचा अभ्यास करण्यात गेली. शरीरात कुठे जखम झाली, काही घुसलं, की तिथल्या पेशी केमोकाइन नावाचे बारीक रेणू सोडतात. ही एक हाकच असते. जिकडे रेणू दाट तिकडे रक्तातली पांढरी पेशी वळते, भिलाईच्या सेक्टर दहाच्या बाजारात गरम समोशाचा वास आला की माणूस आपोआप वळतो तशी. ही हाक पेशीला ऐकू कशी येते आणि ऐकल्यावर तिच्या पोटात काय खटपट होते, यावर मी आठ वर्षं परदेशात घालवली. शेवटी एका रेणूच्या एका टोकाबद्दल मला जगातल्या आणखी दहा-अकरा लोकांइतकं कळू लागलं. त्यातल्या चौघांशी माझं बोलणं नाही.

त्यातही माझी लाडकी पेशी म्हणजे इओसिनोफिल. रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की फोडलेल्या डाळिंबासारखी दिसते. तिची मुख्य कामं दोन: अॅलर्जीत गोंधळ घालणं आणि जंतांशी लढणं. पोटात जंत असले की तिची संख्या वाढते आणि ती हाकेला अधीर होते. हे मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात शिकवतो. परीक्षेत विचारतो. जो लिहीत नाही त्याचे गुण कापतो.

परदेशातून परत आलो तो भिलाईलाच. वडील इथल्या पोलादाच्या प्लांटमधून, कोक ओव्हनवरून म्हणजे कोळशाच्या भट्टीवरून, निवृत्त झालेले. सेक्टर दहाचं क्वार्टर सोडून रिसालीत घर बांधलेलं. त्यांना खोकला होता. मला विषय हवा होता. कोळशाच्या भट्टीपुढे आयुष्य काढलेल्या माणसांच्या पेशी हाक ऐकतात का, असा प्रश्न मी तयार केला आणि तो एका विद्यार्थिनीच्या गळ्यात घातला. ती दुर्गची. वडील रेल्वेत गार्ड होते, मूळ घर गोंदियाकडचं. प्रयोगशाळेत ती सगळ्यांशी हिंदीत बोलायची. मराठीत बोलायला लागली की समजायचं, काहीतरी बिघडलं आहे.

बाबांनी त्यांच्या जुन्या सोबत्यांतले बत्तीस जण गोळा करून दिले. एकेकाचं रक्त घ्यायचं, इओसिनोफिल वेगळ्या करायच्या, बारीक भोकांच्या पडद्याच्या एका बाजूला त्या आणि दुसऱ्या बाजूला केमोकाइन ठेवायचं, आणि किती पेशी पडदा ओलांडतात ते मोजायचं. आता हा पडदा मोठा लहरी. थंडीत वेगळा वागतो, मेमध्ये वेगळा. म्हणून दर वेळी एका ठरलेल्या निरोगी माणसाच्या पेशी सोबत पळवायच्या, त्यांच्या आकड्याला शंभर म्हणायचं आणि बाकीच्यांना त्या शंभरावर मापायचं, अशी पद्धत. हा माणूस हाताशी हवा आणि दर वेळी तोच हवा. वहीत त्याचं नाव ‘निरोगी क्रमांक एक’.

तो मी.

रक्त काढायला आमच्याकडे उतईहून येणारे एक टेक्निशियन होते. सगळे त्यांना भैया म्हणत. माझ्या दंडाला पट्टी बांधता बांधता ते कौतुकानं म्हणायचे, “सर, आपका खून एक नंबर है. दूसरों की चार नली लगती है, आपकी एक में काम हो जाता है.”

निरोगी माणसाच्या रक्तात इओसिनोफिल इतक्या कमी असतात की चार नळ्यांशिवाय भागत नाही. माझ्या एका नळीत त्या ढीगभर निघत. हे ऐकून जगातल्या कुठल्याही इम्युनॉलॉजिस्टचे कान टवकारले असते. मी बाही खाली करत म्हणायचो, “खानदानी है, भैया.”

खानदानाचा आणि त्या पेशींचा संबंध होता, पण वेगळा. रिसालीच्या घरामागे बाबांनी बाडी केली होती. बाडी म्हणजे घरामागचा भाजीचा तुकडा. लालभाजी, भेंडी, वालाच्या शेंगा. भंडाऱ्याकडून प्लांटला आलेली आमची सगळी माणसं क्वार्टर मिळालं की आधी कुदळ विकत घ्यायची, मग पलंग. तर दर रविवारी मी त्या बाडीत अनवाणी उतरायचो. परदेशात आठ वर्षं गालिच्यावर काढल्यावर मला मातीची ओढ लागली होती, आणि ती कोणाला तरी दिसावी अशीही इच्छा होती. बाबा मात्र बाडीत जाताना प्लांटचे जुने सेफ्टी शूज घालायचे. लोखंडी टोकाचे, घोट्यापर्यंतचे, नाड्या आवळून. भेंडी तोडायला सेफ्टी शूज घालणारा माणूस तुम्हाला फक्त भिलाईत भेटेल.

“बूट घाल,” ते म्हणायचे.

“बाबा, पायाला माती लागू द्या जराशी.”

“कावून? माती काय तुही मावशी आहे?”

“आजोबा अनवाणीच करायचे ना शेती?”

“त्याले बूट भेटले असते त त्यानं घातले असते.”

मागच्या रिकाम्या प्लॉटवर बांधकामाचे मजूर झोपड्या घालून राहत. त्यांच्यासाठी संडास बांधावा असं कोणाला सुचलं नव्हतं, आणि पावसाळ्यात तिकडचं पाणी आमच्या लालभाजीतून वाहत जायचं. हेही मला दिसत होतं. ओल्या मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरणारा अंकुशकृमी मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवायचो, तोंडातल्या दातांसकट. बोटांच्या बेचक्यात खाज सुटायची तेव्हा मी तिथे पावडर लावायचो.

निकाल येऊ लागले आणि मी हर्षभरित झालो. भट्टीवरच्या माणसांचे आकडे चाळीस, अडतीस, पंचेचाळीस. म्हणजे त्यांच्या पेशी माझ्या निम्म्यानंही धावत नव्हत्या. भट्टीनं पेशींची श्रवणशक्ती घालवली, असा सिद्धांत मी मांडला. दोन परिषदांत भाषण केलं. एकदा तर बोलता बोलता गळा भरून आला, कारण पडद्यावर दाखवलेल्या ठिपक्यांतला एक बाबांचा होता.

बाबांना मी तो आकडा जेवताना सांगितला. ते भाकर मोडता मोडता थांबले.

“एक्केचाळीस म्हणजे?”

“म्हणजे तुमच्या पेशी जरा सुस्त आहेत, बाबा. हाक मारली तर उठत नाहीत.”

“आन तुह्या?”

“माझ्या शंभर.”

“मी नोकरीत कधी लेट नाही झालो,” ते म्हणाले, “आन तू मले सुस्त म्हणून राहिला? तू दहावीत दहा वाजता उठे.”

मी त्यांना सांख्यिकी समजावली. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या पोरीच्या नोंदणीची मुदत संपायला सात महिने उरले होते. एक मुदतवाढ घेऊन झाली होती, तीही मी तिचं पहिलं प्रकरण टेबलाच्या खणात विसरलो म्हणून. दुसरी मिळत नाही. त्या तारखेच्या आत प्रबंध गेला नाही तर तिची पाच वर्षं कागदावरून पुसली जाणार होती. ती तारीख मला माहीत होती आणि तिला तोंडपाठ होती. अशात मी दोन आठवडे पुण्याला गेलो, भट्टीनं थकलेल्या पेशींवर तिसरं भाषण करायला.

परत आलो तर ती माझ्या खोलीत वही घेऊन उभी. दार लावून घेतलं आणि मराठीत सुरुवात केली.

“सर, तुमी नव्हते त मी तुमच्या जागी भैयाचं रक्त घेतलं. चार नळ्या लागल्या.”

“मग?”

“त्या दिवशी आलेले प्लांटचे सगळे काका शंभरच्या आसपास निघाले. तुमचे बाबा एकशे तीन.”

“भैयाचं काहीतरी बिघडलं असेल.”

“मले वाटलं माह्यंच चुकून राहिलं. मंग दुसऱ्या दोघांचं घेतलं. तेच आलं.” तिनं वहीचं पान उलटलं. “मंग तुमच्या रक्ताची जुनी काच काढली, रंगवलेली. मोजली. शंभर पांढऱ्या पेशींत चार-पाच इओसिनोफिल पाहिजेत ना, सर?”

“हं.”

“तुमच्यात सव्वीस आहेत.”

मी खिडकीकडे पाहिलं. शास्त्रज्ञ विचार करतो आहे असं दिसावं म्हणून.

“सर, रागावू नका. तुमच्या पायाले खाज येते का?” असं म्हणून तिनं टेबलावर पांढऱ्या झाकणाची एक छोटी डबी ठेवली. ती डबी कशासाठी असते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. “उद्या सकाळची चालेल.”

माझ्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग तो जंत नाही. पुढचे तीन आठवडे आहेत. पहिला आठवडा मी म्हटलं, रंग जुना आहे, नवीन मागव. तिनं मागवला, पुन्हा मोजलं, अठ्ठावीस आले. दुसरा आठवडा मी म्हटलं, धूळ आहे, मला अॅलर्जी असेल. तिनं माझी अॅलर्जीची चाचणी लावली. काही निघालं नाही. तिसरा आठवडा मी केमोकाइनच्या बाटलीवर संशय घेतला आणि परदेशातल्या कंपनीला सभ्य भाषेत लांबलचक पत्र लिहिलं. तिच्या सात महिन्यांतले तीन आठवडे मी असे माझ्या अब्रूवर खर्च केले. डबी खणात होती, तिच्या पहिल्या प्रकरणाच्या जागी.

शेवटी ती एवढंच म्हणाली, “सर, तुमाले माहीत आहे. मलेही माहीत आहे. आता फक्त तारीख सरकून राहिली.”

दुसऱ्या दिवशी मी डबी घेऊन दुर्गला एका लांबच्या पॅथॉलॉजीत गेलो. कोणी ओळखू नये म्हणून फॉर्मवर भलतंच नाव लिहिलं. खोटे फॉर्म भरण्याचा मला सराव होता. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म वाचला, डबी पाहिली, मग मला पाहिलं, आणि उठून उभी राहिली.

“नमस्ते सर. मी तुमची विद्यार्थिनी. नाव चुकलं होतं, मी दुरुस्त केलं.”

संध्याकाळी रिपोर्ट आला. अंकुशकृमीची अंडी, भरपूर.

गोळी घेतली, प्रश्न मिटला, असं मला वाटलं. तिच्याकडे गेलो आणि उदारपणे म्हणालो, “चल, माझ्या आकड्याच्या जागी भैयाचा घालू, सगळं नव्यानं भागू. दोन दिवसांचं काम.”

“नाही जमत, सर,” ती म्हणाली. तिनं तीन वर्षांचे कच्चे आकडे एका लांब कागदावर मांडून ठेवले होते. कच्चे आकडे ठेवू नकोस, फक्त टक्के ठेव, वही आटोपशीर राहते, असं मी तिला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तिनं ऐकलं नव्हतं. “हे बघा. तुमचं शंभर दर महिन्याले वेगळं आहे. पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात उतरते. त्या त्या दिवशी दुसरा निरोगी माणूस पळवलाच नाही आपण. कशाशी भागायचं?”

माझे जंत ऋतुमानानुसार संशोधन करत होते.

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे बत्तीसही काका पुन्हा. आन नवीन निरोगी लोकं, त्यांच्याच वयाचे, भट्टीवर न गेलेले. प्रत्येकाची डबी आधी. सहा महिने आहेत. लिहायले दोन ठेवले त चार.”

मी मोठ्या योजना सुचवू लागलो. तिनं शांतपणे ऐकून घेतल्या आणि एकही लिहून घेतली नाही.

भिलाईत साठीपुढचा आणि प्लांटमध्ये काम न केलेला माणूस शोधणं किती अवघड आहे ते मला तेव्हा कळलं. तिनं उपाय घरातच शोधला. तिच्या वडिलांचे रेल्वेतले निवृत्त सोबती. गार्ड, ड्रायव्हर, दोन तिकीट तपासनीस. रेल्वे कॉलनीतल्या बाकांवर ते रोज सकाळी बसत. मला तिथे नेण्यात आलं. मी केमोकाइन, पडदा, समोसा, सगळं सांगितलं. ते आदरानं ऐकत होते. मग तिनं पिशवीतून डब्या काढल्या.

एक जण म्हणाले, “सर, रक्त घ्या. पाहिजे तेवढं घ्या. हे कायले?”

दुसरे म्हणाले, “आमी चांगल्या घरचे लोकं आहोत. आमाले जंत नाही राहत.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याला नाही म्हणता येत नव्हतं. मी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. अनवाणी बाडी, दोन सह्या, खानदानी रक्त, पॅथॉलॉजीतली दुरुस्ती. बाकं हलायला लागली. एका ड्रायव्हरसाहेबांनी हसता हसता डोळे पुसत डबी उचलली आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेबाले असू शकते त आपण कोन?” डब्या संपल्या. पुढे जिथे जिथे माणसं कचरत, तिथे ती मला घेऊन जायची. मी तीच गोष्ट सांगायचो. चौथ्या वेळेपासून तिला ती माझ्यापेक्षा चांगली सांगता येऊ लागली, म्हणून मला गाडीतच बसवून ठेवलं जाई.

प्लांटच्या काकांचं काम बाबांनी घेतलं. त्यांना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, “एकशे तीन?” मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा लावला, जुनी फोनची वही काढली आणि एकेकाला फोन लावायला बसले.

“उद्या फर्स्ट शिफ्ट. सात म्हणजे सात. उपाशी नाही यायचं, पोहे खाऊन ये. कावून पुन्हा म्हणजे? माह्या पोट्ट्यानं गडबड केली म्हणून पुन्हा. लेट नको होऊ.”

बत्तीसपैकी तीस आले. एक मुलाकडे बंगळूरला गेले होते, एक वारले होते. वारलेल्यांच्या पत्नी विचारायला आल्या की नवऱ्याचं पहिलं रक्त चालणार नाही का. मी दाराकडे सरकलो; उत्तर तिनं दिलं. त्यांच्याजवळ बसून, काकांचं रक्त चांगलं होतं, माप खोटं होतं, असं सांगितलं. मी दाराशी उभा होतो. माप आत आलं नाही.

चार महिन्यांनी निष्कर्ष हातात आला. भट्टीवरच्या माणसांच्या पेशी आणि रेल्वेच्या माणसांच्या पेशी सारख्याच धावत होत्या. काही फरक नाही. तीन भाषणं, एक भरून आलेला गळा, सगळं पाण्यात. मी म्हटलं, निदान शेवटच्या परिच्छेदात ‘सूक्ष्म फरकाची शक्यता नाकारता येत नाही’ असं घालू. तिनं घातलं नाही. उलट एक वेगळं प्रकरण लिहिलं: एकाच माणसाला निरोगी मानून मापलं तर काय होतं. त्यात आलेख होता, तीन वर्षांचा, पावसाळ्यात डोंगर आणि उन्हाळ्यात दरी. प्रबंध तारखेच्या सहा दिवस आधी गेला. मी सही केली. सही करण्यापूर्वी पूर्ण वाचला, आयुष्यात पहिल्यांदा.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वृद्ध आणि कडक होते. फरक न सापडल्याबद्दल ते तिला फाडतील अशी भीती मला होती, आणि तिच्या आईवडिलांकडे बघवत नव्हतं. पण त्यांनी सगळा वेळ त्या एका प्रकरणावरच घालवला. हे धाडस तुम्ही कसं केलंत, कच्चे आकडे कोणी ठेवायला सांगितले, मुदत जवळ असताना पुन्हा मापायचं कोणी ठरवलं. ती सगळ्याला “मीच ठरवलं सर” म्हणत गेली. शेवटी त्यांनी आलेखावर बोट ठेवून विचारलं की हा गृहस्थ कोण. ती वहीची पानं चाळू लागली. मी शेवटच्या रांगेतून हात वर केला. परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि पदवी द्यावी अशी शिफारस लिहून टाकली.

बाहेर व्हरांड्यात पेढे वाटले गेले. बाकांवरची रेल्वेची माणसं आली होती, प्लांटचे काकाही आले होते. तिचे वडील हात जोडून माझ्यापाशी आले. डोळे ओले होते.

“सर, तुमच्यामुळे पोरगी डॉक्टर झाली.”

मी नम्रपणे मान झुकवली. असं कोणी म्हटलं की झुकते ती आपोआप. शेजारी बाबा पेढा खात उभे होते.

“याच्यामुळे कायची?” ते म्हणाले. “याचे त जंत बी तिनंच शोधले.”